अफूची डबी आणि तेलाची वाटी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात पहिला आवाज आजीचा असे. नांदेडच्या जुन्या वस्तीतले आमचे माळवदाचे घर. अंगणातल्या चुलीवर पाण्याचे हंडे चढलेले, पाटाभोवती रांगोळीची रेघ, आणि पाटाशेजारी कोमट तेलाची पितळी वाटी. "ऊठ रे लेकरा, तांबडं फुटायच्या आत न्हाणं झालं पाहिजे," असे म्हणत ती एकेकाला ओढून पाटावर बसवी. तिचे अंगठे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली उतरत, मध्येच थांबत, आणि ती विचारी, "इथं दुखतंय का रं?" आपल्याला ठाऊक नसलेले दुखणे तिच्या बोटांना आधी कळे. वर्षाच्या इतर दिवशीही ती वाटी कोरडी नसे. शेतातून वाकून आलेल्या, बाळंतपणातून उठलेल्या, पाणी वाहून मान धरलेल्या आळीतल्या बायका दुपारी तिच्याकडे येत आणि तासाभराने जरा सरळ होऊन जात.

त्याच घरात, देवळीत दिव्यामागे, एक पितळी डबी होती. घट्ट झाकणाची, सुपारीएवढी, आणि मला आठवते तेव्हापासून रिकामी. ती आजोबांची. मी त्यांना पाहिले नाही. त्यांची हकीगत आजीकडूनच ऐकली. आजोबा कापसाच्या बाजारात हमाली करीत. ऐन तारुण्यात एकदा गाठ अंगावर आली आणि कंबर कायमची गेली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते मुगाच्या दाण्याएवढी अफूची गोळी घेत. त्यांना कोणी व्यसनी म्हटले नाही. 'औषध घेतात' असेच सारे म्हणत, आणि खरोखर ती गोळी घेऊनच त्यांनी पुढे वीस-बावीस वर्षे संसार ओढला.

एकाच दुखण्यावर एकाच घरात दोन उपाय होते, डबी आणि वाटी. डबीमागे दुकान होते, परवाना होता, सरकारचा महसूल होता आणि पुढे कायदाही आला. वाटीमागे फक्त एका बाईचे दोन हात होते, आणि ते तिला कोणी शाळेत शिकवले नव्हते. पुढे शाळामास्तर झाल्यावर मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडू लागला की दुखणाऱ्या माणसाजवळ कसे बसावे हे आपल्या मुलखात कोणी कोणाला कधी शिकवले? दिवाळीच्या निमित्ताने वाचकांसमोर मांडतो आहे तो त्याचाच थोडा इतिहास.

*

अफूची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांसमोर चिनी अड्ड्याचे चित्र येते. हिंदुस्थानात, आणि विशेषेकरून आपल्या दख्खनेत, अफूचे रूप फार घरगुती होते. खोकला, हगवण, हिवताप, सांधेदुखी, म्हातारपण, आणि रडणारे मूल या सर्वांवर ती चाले. इंग्रजी मुलखात सरकारमान्य दुकानांतून ती उघडपणे विकली जाई. या व्यापाराविरुद्ध विलायतेत ओरड झाली तेव्हा १८९३ मध्ये एक शाही आयोग नेमण्यात आला. लॉर्ड ब्रॅसी त्याचे अध्यक्ष. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे दिवाण राहिलेले हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सभासद. आयोगाने गावोगावच्या साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये जाडजूड खंडांत आपला निष्कर्ष दिला की हिंदी माणूस अफू बहुधा माफक खातो, घरगुती औषध म्हणून खातो, आणि म्हणून बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एका सभासदाने तेवढी आपली असहमती नोंदवली.

त्या निष्कर्षात सरकारच्या तिजोरीची काळजी होती हे उघड आहे. पण साक्षीदार सारे खोटे बोलले असेही नव्हे. जिथे वीस-वीस कोसांत दवाखाना नाही तिथे अफू हाच डॉक्टर होता, एवढे सत्य त्या साक्षींतून बाहेर पडले होते. दुर्दैव असे की या सत्यापुढचा प्रश्न आयोगाने विचारला नाही. लोक डॉक्टरच्या जागी अफू घेतात, तर ती जागा भरायला माणसे कोण तयार करणार?

हा प्रश्न मागे राहिल्याने काय झाले ते मुंबईच्या गिरणगावात दिसले. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंनी १९२२ मध्ये मुंबई सरकारसाठी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. त्यांना आढळले की या स्त्रियांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू चारली जाते. 'बाळागोळी' हे तिचे लाडके नाव. वाचून अंगावर काटा येतो. परंतु त्या आईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे भोंगा वाजे, खोलीत मूल सांभाळायला कोणी नसे, आणि दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे. त्या गोळीने मुलाची भूक मरे, रडणे थांबे आणि आईची हजेरी लागे. आईला दोष देणारे पुष्कळ होते. पाळणाघर काढणारे आणि दाईला शिकवणारे थोडे. गोळीचे व्यसन कुठे सुरू होते ते या एका उदाहरणात दिसते. ज्याचे दुखणे ऐकायला कोणी नाही, त्याच्या हाताला पहिल्यांदा गोळी लागते.

*

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. त्या काळी नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात. लातूर तर जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये, उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा होऊन. या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८४६ मध्ये रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली वैद्यकीची शाळा सुरू झाली, आणि विशेष म्हणजे तिथले शिक्षण प्रथम उर्दूतून दिले जाई. देशी भाषेत नवे वैद्यक शिकवण्याचा हा फार जुना प्रयत्न आहे.

१८८५ च्या सुमारास या शाळेची सूत्रे एडवर्ड लॉरी या सर्जनकडे आली. लॉरीचे वेड एकच, क्लोरोफॉर्म. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना नाहीशी करणारे हे औषध तेव्हा जगभर वापरात होते, आणि ते देताना कधी कधी रोगी अचानक दगावत. तो हृदय थांबून दगावतो की श्वास थांबून, याविषयी विलायतेतील डॉक्टरांत मोठा वाद. लॉरी आपल्या विद्यार्थ्यांना बजावी की नाडीवर बोट ठेवून बसू नका, श्वासाकडे बघा. वाद मिटवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. निकाल लॉरीच्या बाजूने लागला आणि 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध पत्रात छापला गेला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखवले की अर्धवट भूल दिली असता हृदयही अचानक बिघडू शकते. म्हणजे लॉरीचे म्हणणे पुरते खरे नव्हते. शास्त्राची चाल अशीच असते. मात्र श्वासावरची नजर हलवू नका हा त्याचा धडा आजही प्रत्येक भूलतज्ज्ञ गिरवतो.

मला या कथेत लॉरीपेक्षा त्याची एक विद्यार्थिनी अधिक आवडते. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी १८८५ मध्ये या शाळेत दाखल झालेल्या पहिल्या पाच स्त्रियांपैकी एक. शिक्षण पुरे करून तिने क्लोरोफॉर्म देण्याचेच काम पत्करले. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. सर्जनचे डोळे जखमेवर असतात. उशाशी बसलेल्या माणसाचे डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर. ज्या काळात आपल्या घरच्या मुली उंबरा ओलांडत नव्हत्या, त्या काळात ही मुलगी परक्या रोग्याच्या उशाशी बसून त्याचा एकेक श्वास मोजत होती. वेदनेजवळ बसण्याचे काम शिकवता येते, आणि शिकवले तर कोणालाही येते, याचा पुरावा आमच्याच राज्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला होता.

पण राजधानीतले शहाणपण जिल्ह्यात झिरपायला फार वेळ लागतो. हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. कापूस, भुईमूग आणि ज्वारी त्या गाड्यांतून गेली. रूपाबाईंसारखी शिकलेली माणसे त्या गाड्यांतून आमच्याकडे फारशी आली नाहीत. आजोबांची कंबर गेली तेव्हा त्यांना मिळाला तो हाडवैद्य, आजीची वाटी आणि अफूचे दुकान.

*

स्वातंत्र्यानंतर दृश्य बदलले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि १९४९ मध्ये भारत सरकारने अफूविषयी परिषद भरवून ठरवले की दरवर्षी दहाव्या हिश्शाने पुरवठा कमी करायचा आणि दहा वर्षांत औषध व शास्त्र यांखेरीज अफूचा वापर संपवायचा. जुने खाणारे होते त्यांची नोंद झाली, डॉक्टरच्या दाखल्यावर परवाने मिळाले. ३१ मार्च १९५९ ही शेवटची तारीख.

आमच्या घरी त्या परवान्याचा कागद आजीने बरेच दिवस जपला होता. ती सांगे, "दरसाल पुडी बारीक होत गेली. ह्यांनी आधी गोळी लहान केली, मग एक दिवसाआड केली. शेवटी दुकानच मिटलं. डाक्टरनी कागदावर सही केली. पण गोळी नसली म्हंजी रातच्याला काय करायचं, त्ये काई सांगितलं न्हाई." त्या रात्रींत आजोबांना घाम फुटे, नाक-डोळे वाहत, पोटात कळा येत, पाय झटके मारत. पुढे वैद्यकीची पुस्तके चाळताना मला कळले की अफू तुटल्यावर शरीर असेच वागते. तेव्हा घरात कोणाला ते माहीत नव्हते. भूतबाधा समजून उतारेही टाकून झाले. आजी रात्रभर विटा तापवून फडक्यात गुंडाळी, कंबर शेके, तेल चोळी आणि पहाटे त्यांना धरून अंगणात चार फेऱ्या मारायला लावी. महिनाभराने ते सावरले. कंबर दुखायची ती दुखतच राहिली. पण डबी रिकामी झाली.

कायदा चांगला होता यात मला शंका नाही. बाळागोळीने मेलेल्या मुलांचा विचार केला तर तो उशिराच आला. पण त्या दहा वर्षांत जेवढे परवाने छापले, त्याच्या निम्म्यानेही शेक, चोळणे, धीर देणे आणि अफू तुटतानाची काळजी कशी घ्यावी हे जाणणारी माणसे तयार झाली असती तर? दुकान एका हुकुमाने बंद होते. दुखणाऱ्या माणसाजवळ बसणारा माणूस हुकुमाने तयार होत नाही. त्याला शिकवावे लागते.

*

हे शिकवणे अगदीच सुरू झाले नव्हते असे नाही. मुंबईत पोलिओच्या साथीने शेकडो मुलांचे पाय लुळे पडले, तेव्हा १९५२ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची, लोक ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याची, देशातली पहिली शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. ज्याला आपण 'मालिशवाले काम' म्हणून हलके लेखीत होतो ते शरीररचना, स्नायू आणि सांधे यांच्या अभ्यासावर उभे राहिले. आयुर्वेदाने अभ्यंग आणि स्वेदन, म्हणजे तेल लावणे आणि शेकणे, यांचा विचार शतकानुशतके केलेलाच होता. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी एक उपपत्ती मांडली. तिचा मथितार्थ घरगुती भाषेत असा की पाठीच्या कण्यात एक वेस आहे. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना त्या वेशीतून जातो. त्याच वेळी स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप तिथे आले तर वेस थोडी मिटते आणि वेदना कमी पोचते. गुडघा आपटला की आपण आपोआप तो चोळतो, त्याचे कारण हे. आजीला वेस ठाऊक नव्हती. वेशीवरचा राखणदार मात्र तिच्या ओळखीचा होता.

येथे जुन्याचे सरसकट गुणगान करून चालणार नाही. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या इतक्या करकचून बांधाव्या की हाताचे रक्त थांबून तो काढावा लागावा, असेही आपल्याकडे घडत आले आहे. पाठीला मुंग्या येऊन पाय लुळा पडत असेल, लघवी अडत असेल, ताप आणि वजन उतरणे बरोबर असेल, तर ते दुखणे तेलाचे नव्हे. तिथे तडक रुग्णालयच गाठले पाहिजे. हात कुठे लावावा याइतकेच हात कुठे लावू नये हेही शिकवावे लागते. शिकलेल्या आणि न शिकलेल्या हातांतला फरक इथेच आहे.

खेड्यातल्या साध्या बाईला हे शिकवता येते का? याचे उत्तर मराठवाड्याच्या सीमेवरच्या जामखेडने दिले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. त्यांनी गावोगावच्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना निवडले, आठवड्याला बोलावून शिकवले, आणि त्यांच्याच हाती गावचे आरोग्य दिले. जगभरचे लोक ते पाहायला आले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इकडे लातुरात १९६६ पासून डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे विवेकानंद रुग्णालय उभे राहिले होते. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय झाले, १९८८ मध्ये नांदेडला झाले, नव्या शतकात लातूरलाही झाले.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झाले होते. चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी आणि सास्तूरचा मुलूख हादरला, आणि मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. महिन्या-दोन महिन्यांनी वडिलांबरोबर एका नातलगाला भेटायला गेलो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस पाहिला. त्याचा पाय बरा झाला होता, प्लॅस्टर निघाले होते. पण तो म्हणे पाय दुखतो. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, हाड जुळले आहे. त्याची बायको आणि दोन मुले त्याच भिंतीखाली गेली होती. संध्याकाळी तो बाटली घेऊन बसे. घरात कोणी बोलेना. मला आठवते, आजीने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि काही न विचारता तेल लावू लागली. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. पायाविषयी नव्हे, मुलांविषयी.

हाडाचे दुखणे आणि जिवाचे दुखणे एकमेकांत कसे मिसळतात, आणि बाटली त्या दोघांच्या मधोमध कशी येऊन बसते, हे मला त्या दिवशी दिसले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने या भागातल्या गावांतील स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. अशा शेडमध्ये शिरून चटईवर बसणारी, आपल्याच बोलीत विचारणारी बाई किती उपयोगाची असते, ते ज्याने ती शेड पाहिली त्याला सांगावे लागत नाही.

*

व्यसनाच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रातली मोठी शाळा पुण्यात निघाली. ऐंशीच्या दशकात 'गर्द' नावाच्या विषाने तरुण मुले पटापट बळी पडू लागली. अनिल अवचट यांनी त्यांच्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, त्याचा आत्मा होत्या. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण काम थांबले नाही. मुक्तांगणची मला भावणारी गोष्ट ही की जो व्यसनातून बाहेर आला त्यालाच त्यांनी पुढच्याचा मार्गदर्शक केले. ज्याने रात्रीचा घाम स्वतः भोगला आहे, तो दुसऱ्याच्या उशाशी बसला की उपदेश करीत नाही. पुढे दुसऱ्या संस्थांतल्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचे केंद्रही मुक्तांगणच झाले.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. तस्करांना त्याची जरब बसावी हा हेतू. पण शिक्षेच्या आणि परवान्यांच्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर दहाव्या हिश्शाहूनही खाली घसरला. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाला जे एक औषध खरोखर द्यायला हवे तेच मिळेनासे झाले. अफू जिथे पिकते त्या देशातली ही अवस्था! १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना आश्रम निघाला, देशातला मरणासन्न रुग्णांसाठीचा पहिला. कायद्यातली दुरुस्ती होण्यास मात्र २०१४ उजाडले.

साता समुद्रापार अमेरिकेत नेमकी उलट चूक झाली. १९८० मध्ये एका वैद्यकीय पत्रात अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अशी औषधे घेतलेल्यांत व्यसन क्वचितच लागते, असे त्यात होते. त्या पाच वाक्यांवर इमले बांधले गेले. १९९६ पासून अफूच्या जातीच्या गोळ्या कंबरदुखीपासून दाढदुखीपर्यंत सढळ हाताने लिहिल्या गेल्या, आणि लाखो कुटुंबे उद्ध्वस्त झाली. आता तेच शहाणे देश आपल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुन्हा बसवून शिकवीत आहेत की व्यसनी माणसाशी कसे बोलावे, आणि गोळीवाचून वेदना कशी हलकी करावी. एकाने दार गच्च लावले, दुसऱ्याने सताड उघडले. दाराशी जाणते माणूस बसवायचे दोघेही विसरले.

*

माझी शाळा मुखेड आणि जळकोट यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात आहे. दिवाळीचे दिवे विझले की आमच्या वर्गातली अर्धी बाके रिकामी होतात. उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन साखरपट्ट्यात निघतात, पोरे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर. मागच्या एका वर्षी एका मुलाला वसतिगृहात ठेवावे म्हणून त्याच्या बापाला भेटायला गेलो. चाळिशीचा माणूस, साठीचा दिसणारा. खिशातून त्याने गोळ्यांची पट्टी काढली. "गुर्जी, सकाळी ही घेतल्याबिगर कंबर वाकत न्हाई, अन् रातच्याला ती दुसरी घेतल्याबिगर डोळा लागत न्हाई." दुसरी म्हणजे दारू. मी मास्तर, उपदेश माझ्या जिभेवरच असतो. गोळ्यांनी मूत्रपिंड जाईल, उन्हात घाम गाळणाऱ्या उपाशी माणसाला तर लवकर, दारूने घर जाईल, सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "गोळी सोडा म्हन्ता. मग दुखतंय त्याचं काय करू?"

वाचकहो, माझ्याकडे उत्तर नव्हते. १८९५ च्या आयोगाकडे नव्हते, १९५९ च्या हुकुमाकडे नव्हते. आणि आजोबांच्या परवान्यावर सही करणाऱ्या डॉक्टरकडेही नव्हते.

उत्तर थोडेसे मिळाले ते आमच्या उपकेंद्रातल्या ताईंकडून. अलीकडे सरकारने उपकेंद्रांतून समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत, आणि त्यांच्या कामांत मानसिक आरोग्य, व्यसन आणि वेदनेची शुश्रूषा हेही घातले आहे. या ताई असले एक प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्या माणसाला ओरडून काही सांगितले नाही. किती गोळ्या, किती वर्षे, पहिली कधी घेतली, दारू न मिळाल्यास हात कापतात का, एवढे विचारून लिहून घेतले. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ह्यांना देवापुढं शपथ घालून आजच्या आज दारू सोडायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर भ्रम होतो, झटके येतात, जिवावरही बेततं. पहिले दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात काढू. माळ घालायची ती त्यानंतर घाला." आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू सोडलेली पुष्कळ माणसे आहेत, आणि तो निश्चय मोलाचाच, त्याच्या आधीचे चार दिवस डॉक्टरच्या नजरेखाली गेले पाहिजेत, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळले.

कमरेसाठी त्यांनी शेक सांगितला, पोट आणि पाठ बळकट करणारे तीन व्यायाम जमिनीवर झोपवून करून घेतले, आणि मोळी उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यांत कसे बसावे ते दाखवले. पडून राहण्याने जुनी कंबरदुखी वाढते, बेताने हालचाल केल्याने उतरते, हेही त्या बोलल्या. त्याच्या बायकोला तेल कसे चोळावे ते दाखवले तेव्हा मी पाहतच राहिलो. अंगठे कण्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत होते, मध्येच थांबत होते. "इथं दुखतंय का?"

चमत्कार काही झाला नाही. तो माणूस त्या वर्षीही उसाला गेला. परतला तेव्हा गोळ्या निम्म्यावर आल्या होत्या. दारू दोनदा पुन्हा सुरू झाली, दोनदा सुटली. ताई म्हणतात, पाय घसरला म्हणून रस्ता चुकला असे नव्हे, पुन्हा बोलवायचे. मुलगा मात्र वसतिगृहात राहिला आणि यंदा दहावीला बसतो आहे.

अशा ताई गावोगाव हव्यात. त्या आकाशातून पडत नाहीत. एखाद्या आरोळेंनी, एखाद्या सुनंदाबाईंनी, एखाद्या लॉरीने आधी त्यांना पुढ्यात बसवून शिकवावे लागते, आणि मग सरकारने त्यांना औषधाइतकेच मानाने वागवावे लागते.

आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. डबी माझ्याकडे आहे. माझी मुलगी तिच्यात रांगोळीचा लाल रंग ठेवते. वाटी स्वयंपाकघरात आहे. यंदाच्या पहाटे तुमच्याही घरी तेलाची वाटी निघेल. पोरांना लावून झाल्यावर घरात जो कोणी वृद्ध असेल, जो 'मला काही होत नाही' म्हणून कोपऱ्यात बसला असेल, त्याच्या पाठीला थोडे तेल लावा, आणि विचारा, "इथं दुखतंय का?" उत्तर येईपर्यंत हात मात्र काढू नका.